ट्रान्सफर केस बदलायची, पण कोणती? वाचकांचे प्रश्न

या वेळी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या ट्रान्सफर केसबद्दल, म्हणजे गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणाऱ्या डब्याबद्दल, इतकी पत्रे आली की सगळा स्तंभ त्यांनाच द्यायचे ठरवले. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे : सगळ्यात दणकट केस कोणती? एक नाव सांगून मोकळे होता येईल, पण जुनी केस ज्या कारणाने गेली ते कारण गाडीत तसेच राहिले, तर नवीही त्याच वाटेने जाते. म्हणून आधी मोडलेली केस उघडून पाहा, मग नवी निवडा. पुढची उत्तरे याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न : माझी १९९४ ची शेव्हरोले के १५०० आहे. गिअरबॉक्स ४एल६०ई, ट्रान्सफर केस एनपी (न्यू प्रोसेस) २४१, टायर ३५ इंची, ॲक्सलचा गिअर रेशो ४.१०. चढावर फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरदार गिअर) ॲक्सिलरेटर दाबला की खालून ‘धाड्’ असा आवाज येतो आणि गाडीला झटका बसतो. टू-व्हीलमध्ये काहीच होत नाही. सगळे म्हणतात, चेनवाली काढ आणि गिअरवाली एनपी २०५ बसव. बसवू का?

उत्तर : तुम्ही सांगता ते लक्षण ताणलेल्या चेनचे आहे. एनपी २४१ मध्ये मागचा शाफ्ट सरळ जातो आणि पुढच्या शाफ्टला ताकद चेनमधून मिळते. चेन सैल झाली की जोर पडताच ती स्प्रॉकेटच्या दात्यावर चढते आणि पुढच्या दात्यावर आपटते. टू-व्हीलमध्ये चेनवर भार नसतो, म्हणून तेव्हा आवाज येत नाही.

खात्री अशी करा. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गिअरबॉक्स पार्कमध्ये आणि ट्रान्सफर केस फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचा गिअर) ठेवा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (केसपासून ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) सोडवा आणि केसवरची त्याची फ्लँज (जोडाची तबकडी) हाताने उलटसुलट फिरवा. थोडी हालचाल चांगल्या केसमध्येही असते. पण फ्लँज सहज बरीच फिरत असेल आणि आतून चेन घराच्या भिंतीला लागल्याची खडखड ऐकू येत असेल, तर चेन गेली. फ्लँज घट्ट असेल तर आवाज पुढच्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ॲक्सलच्या गिअरपेटीत) किंवा सीव्ही जॉइंटमध्ये (चाकाजवळच्या वळणाऱ्या सांध्यात) शोधा. अशा वेळी ट्रान्सफर केसला हात लावू नका.

आता एनपी २०५ चे. ती बिडाच्या घराची, पूर्ण गिअरवर चालणारी केस आहे आणि दणकटपणाबद्दल तिची ख्याती खरी आहे. पण तुमच्या गाडीत तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण बाजूची. १९८८ नंतरच्या तुमच्या पिढीच्या शेव्हरोलेत पुढचे डिफरन्शियल डावीकडे असते. त्याआधीच्या जीएम (शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स) पिकअपमध्ये ते उजवीकडे असायचे आणि त्यांच्या एनपी २०५ चे पुढचे आउटपुटही उजवीकडेच निघते. ती केस तुमच्याकडे बसवली तर पुढचा शाफ्ट कुठेच पोचणार नाही. डाव्या आउटपुटची एनपी २०५ जुन्या फोर्ड पिकअपमध्ये मिळते, पण मग इनपुटचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून ताकद घेणाऱ्या शाफ्टचे, दाते आणि ॲडॉप्टर यांची जुळवाजुळव आली.

दुसरी अडचण लो रेंजची. एनपी २४१ चे लो २.७२ आहे, म्हणजे इनपुटचे २.७२ फेरे झाले की आउटपुटचा एक होतो; एनपी २०५ चे १.९६. तुमच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६. आज तुमचा सगळ्यात खालचा एकूण रेशो ३.०६ गुणिले २.७२ गुणिले ४.१०, म्हणजे ३४.१ आहे. एनपी २०५ बसवली की तो २४.६ वर येतो. केस दणकट झाली, पण दगडांवरून सावकाश चढणारी गाडी आता धावत चढायला लागली आणि ब्रेकवरचा भार वाढला. केस निवडताना ही बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

तिसरी अडचण वजनाची. बिडाची केस ॲल्युमिनियमच्या केसपेक्षा कितीतरी जड असते. खालून स्वतंत्र आधार दिला नाही तर ते सगळे वजन गिअरबॉक्सच्या मागच्या ॲडॉप्टरवर लोंबते. आणि हे सगळे जमले तरी तुमचा पुढचा ॲक्सल स्वतंत्र सस्पेन्शनचा, त्यातल्या त्यात नाजूक आहे. ट्रान्सफर केस अभेद्य केली की पुढची मोड तिथे होणार.

म्हणून आमचा सल्ला : एनपी २४१ ठेवा. नवी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर तीही लवकर ताणते. त्याच वेळी सर्व बेअरिंगे, सील आणि फोर्कचे (रेंज बदलणाऱ्या आतल्या काट्याचे) प्लास्टिक पॅड बदलून घ्या. शिवाय पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर टेपने मोजा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील, तर फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी सतत झगडतात. चेन ताणण्याचे हे फार मोठे कारण आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून चालवणे हे दुसरे.

प्रश्न : केसला किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) सोसावा लागणार हे कसे काढायचे? इंजिनचा टॉर्क आणि पहिला गिअर यांचा गुणाकार केला की जो आकडा येतो, तेवढी ताकद सोसणारी केस मला कुठे मिळतच नाही.

उत्तर : गुणाकार बरोबर आहे, पण तेवढा भार प्रत्यक्षात क्वचितच पडतो. एक उदाहरण घेऊ. इंजिनचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर उभ्या गाडीत तो साधारण दुप्पट करतो, पहिला गिअर ३.०६, लो २.७२. गुणाकार ६,६५० च्या पुढे जातो. आता टायरकडून मोजा. गाडी २,५०० किलोची, जमिनीची पकड ०.८, टायरची त्रिज्या ०.४३ मीटर. चारही चाकांना घसरण्याआधी मिळून सुमारे ८,४०० न्यूटन-मीटर पेलता येतात. ४.१० च्या ॲक्सलने भागले की दोन्ही आउटपुट शाफ्टवर मिळून सुमारे २,०५० येतात. यापेक्षा जास्त जोर लावला तर चाक फिरते, केस वाचते.

म्हणजे इंजिनने जे देऊ केले त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच टायर घेतात. पण ही सवलत चाक मोकळे फिरू शकते तोवरच. चाक दोन दगडांच्या फटीत अडकले, किंवा हवेत जोरात फिरणारे चाक एकदम जमिनीवर टेकले, की फिरणाऱ्या सगळ्या वजनाचा हिसका थेट आत जातो. केसेस मोडतात त्या बहुतेक अशा हिसक्याने. गाडी उड्या मारायला लागली की पाय उचला. कोणत्याही केसचे आयुष्य याने जेवढे वाढते तेवढे महागड्या केसनेही वाढत नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲक्सलचे गिअर ४.१० ऐवजी ४.८८ केले, तर तेच चाक घसरवायला आउटपुट शाफ्टवर सुमारे १६ टक्के कमी टॉर्क पुरतो. मोठे टायर लावून ॲक्सलचे मूळ गिअर तसेच ठेवले असतील, तर केस बदलण्याआधी ॲक्सलचे गिअर बदला. केस, प्रोपेलर शाफ्ट आणि जॉइंट या सगळ्यांवरचा भार एकदम उतरतो आणि खालचा रेशोही सुधारतो.

प्रश्न : १९७७ च्या शेव्हरोले के २० मध्ये टीएच ३५० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मागे एनपी २०३ आहे. कायम चारही चाकांना ताकद जाते, पेट्रोल खूप लागते, चेनही कुरकुरते. इथे तरी एनपी २०५ बसेल ना?

उत्तर : बसेल, आणि हा बदल करावाच असा आहे. पुढचा ॲक्सल उजव्या डिफरन्शियलचा असल्याने जीएमचीच एनपी २०५ चालते. लो रेंजमध्येही फारसा फरक पडत नाही : एनपी २०३ चे २.०, एनपी २०५ चे १.९६.

विकत घेताना मात्र इनपुट नीट पाहा. एनपी २०५ वेगवेगळ्या गिअरबॉक्सच्या मागे बसवली गेली आणि प्रत्येकासाठी इनपुट वेगळे होते. टीएच ३५० च्या मागची २७ दात्यांची, टीएच ४०० च्या मागची ३२ दात्यांची, एसएम ४६५ या चार गिअरच्या मॅन्युअल बॉक्समागची बराच काळ १० दात्यांची. बाहेरून पेट्या सारख्याच दिसतात. इनपुटच्या तोंडात बॅटरी मारून दाते स्वतः मोजा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. केस आणि गिअरबॉक्स यांच्यामधले ॲडॉप्टर केसबरोबरच घ्या, कारण एनपी २०३ चे ॲडॉप्टर तिला चालत नाही. शक्यतो पुढच्या आउटपुटवर जाड आणि बारीक दात्यांचा शाफ्ट असलेली केस पाहा. सुरुवातीच्या १० दात्यांच्या पुढच्या शाफ्टपेक्षा तो जास्त सोसतो.

दोन कामे लोक विसरतात. एनपी २०३ लांबट असते, त्यामुळे केस बदलल्यावर मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड पडतो. नवी केस जागेवर बसवून, गाडी चाकांवर उभी करून माप घ्या आणि मगच शाफ्ट बनवायला द्या. दुसरे, पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारा मधला भाग). कायम फोर-व्हील चालणाऱ्या गाडीत लॉक होणाऱ्या हबऐवजी साध्या ड्राइव्ह फ्लँज असतात. त्या तशाच ठेवल्या तर टू-व्हीलमध्येही पुढचा ॲक्सल आणि शाफ्ट फिरत राहतात, आणि पेट्रोलचा फायदा निम्माच पदरात पडतो. मॅन्युअल लॉकिंग हब बसवा.

काढलेली एनपी २०३ भंगारात देऊ नका. तिचा पुढचा भाग, म्हणजे हाय-लो बदलणारा डबा, वेगळा करून ॲडॉप्टरने एनपी २०५ च्या पुढे जोडता येतो. याला डबलर म्हणतात. दोन्ही लो एकत्र लावले की २.० गुणिले १.९६ म्हणजे ३.९२ मिळतात आणि नुसता एक लो लावायची सोय राहते. एनपी २०५ चे उंच लो हेच तिचे वैगुण्य, आणि दणकटपणा न घालवता ते असे भरून निघते. लांबी मात्र वाढते. मागचा शाफ्ट फार आखूड होणाऱ्या छोट्या व्हीलबेसच्या गाडीत हा उपाय करू नये.

प्रश्न : २००२ ची सिल्वेराडो १५००, ट्रान्सफर केस एनपी २४६. तेल संपून केस जळाली. आधी कधीही जमिनीवर एक थेंब पडलेला दिसला नाही. मग तेल गेले कुठे? आता त्याऐवजी २५०० मधली हेवी-ड्यूटी केस बसवली तर हा त्रास जाईल का?

उत्तर : तेल धावत्या गाडीतून गेले. या केसच्या मागच्या अर्ध्या भागात आउटपुट शाफ्टवर तेलाचा पंप असतो. शाफ्टबरोबर पंपाचे घर फिरू नये म्हणून त्याला बाजूला कान असतात आणि ते केसच्या आतल्या बाजूला टेकून राहतात. केस हलक्या मिश्रधातूची, मऊ. पंप सारखा थरथरतो, कान धातू खात जातात आणि शेवटी भिंतीला आरपार भोक पडते. हे भोक तेलाच्या पातळीच्या वर असते. गाडी उभी असताना त्यातून काहीच गळत नाही. धावायला लागली की आत उडणारे तेल तुषारांसारखे बाहेर पडते.

जुनी केस अजून ठेवली असेल तर मागचा अर्धा भाग पुसून स्वच्छ करा आणि वरच्या अंगाला बोट फिरवा. टाचणीच्या टोकाएवढे भोक सापडेल, आणि त्याच्या आतल्या बाजूला गुळगुळीत घासून पडलेली खाच. गाडी चालवताना हे लवकर ओळखायचे असेल तर केसच्या मागे चेसिसवर आणि मागच्या शाफ्टच्या सुरुवातीला तेलकट धुळीचा पट्टा दिसतो का ते पाहत जा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : नाही, त्रास आपोआप जाणार नाही. २५०० मालिकेत येणाऱ्या एनपी २६१ आणि एनपी २६३ या केसेस भार जास्त सोसतात, पण पंपाची रचना त्याच वळणाची असल्याने त्यांनाही हीच घासण्याची खोड आहे. कोणतीही घ्या, बसवण्याआधी उघडा आणि मागच्या अर्ध्या भागात पोलादी संरक्षक पट्टी बसवा, किंवा कान घासू नयेत अशा सुधारित रचनेचा पंप लावा. नुसते भोक बुजवून उपयोग नाही. पंप पुन्हा त्याच जागी घासत राहतो.

एनपी २४६ मध्ये एक ‘ऑटो’ स्थिती असते : मागची चाके घसरली की पुढची आपोआप जोडली जातात. तिच्यासाठी आत क्लचच्या चकत्या, बाहेर एक मोटर आणि तिला चालवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. हाताने लीव्हर टाकायची एनपी २६१ बसवली तर हे सगळे निघून जाते, आणि दणकटपणाच्या दृष्टीने ते बरेच. पण मग दोन गोष्टी तुम्हाला लावून घ्याव्या लागतील. एक, स्पीड सेन्सर. इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा संगणक केसच्या मागच्या सेन्सरवर चालतो, त्यामुळे नव्या केसमधल्या दातेरी चक्राचे दाते जुन्याइतकेच हवेत. नाहीतर स्पीडोमीटर चुकेल आणि गिअरही अवेळी बदलतील. दोन, पुढच्या ॲक्सलचा ॲक्च्युएटर (ॲक्सल जोडणारे-सोडणारे विजेवरचे साधन). तो आजवर मॉड्यूलच्या हुकमाने जोडला जात होता. आता त्याला वेगळे वायरिंग द्यावे लागेल. ते राहिले तर लीव्हर फोर-व्हीलमध्ये, शाफ्ट फिरतो आहे, पण पुढची चाके ओढत नाहीत, असा प्रकार होतो आणि दोष नव्या केसवर जातो.

इनपुटचे दाते इथेही मोजा : ४एल६०ई ला २७, ४एल८०ई ला ३२. तेलही वेगळे आहे. एनपी २४६ ला ऑटो-ट्रॅक टू हे निळे तेल लागते, लीव्हरच्या एनपी २६१ ला डेक्स्रॉन वर्गातले साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल).

प्रश्न : माझ्या टोयोटा पिकअपमध्ये (२२आरई इंजिन, पाच गिअर) मूळचीच गिअरवाली ट्रान्सफर केस आहे. दगडांत चालवताना क्लच जळतो. अमेरिकन दणकट केस बसवावी असे मनात आहे.

उत्तर : नको. तुमची केस दणकटच आहे. अडचण तिच्या २.२८ या लो रेशोची आहे. याच घरात ४.७० चे गिअर बसवता येतात. पहिला गिअर ३.९५ आणि ॲक्सल ४.१० धरले तर एकूण रेशो ३७ वरून ७६ वर जातो, गाडी माणसाच्या चालीने सरकते आणि क्लचवर अर्धा पाय ठेवण्याची वेळ येत नाही. गिअरचा संच घेण्याआधी तुमच्या इनपुटला २१ दाते आहेत की २३ ते पाहा.

दोन केसेस एकामागे एक जोडण्याचीही पद्धत आहे. तिचा मोठा फायदा हा की २.२८ आणि ४.७० दोन्ही हाताशी राहतात. वाळूत आणि चिखलात ४.७० फार हळू पडते, चाकांना वेगच मिळत नाही.

एक सावधगिरीची सूचना. लो जितके खोल, तितका आउटपुटवरचा टॉर्क जास्त. चाक अडकलेले असताना ४.७० मध्ये जोर लावला तर पुढच्या ॲक्सलच्या टोकाचे सीव्ही जॉइंट आधी फुटतात, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना. चाके सरळ करा, मग जोर लावा.

प्रश्न : जुन्या बाजारातून केस घेताना न उघडता काय काय पाहता येते?

उत्तर : बरेच काही. न्यू प्रोसेसच्या केसेसवर मागच्या बाजूला गोल पत्रा असतो, त्यावर मॉडेल आणि लो रेशो कोरलेला असतो. पत्रा नसेल तर इनपुट शाफ्टला एक खूण करा, केस लोमध्ये टाका, मागचा शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत इनपुट किती फेरे फिरते ते मोजा. पावणेतीनच्या जवळ आले तर २.७२, दोनला थोडे कमी पडले तर १.९६.

तेलाचा खालचा बोल्ट काढा. करडी मऊ पेस्ट चुंबकाला लागलेली असणे नेहमीचे. चकाकणारे कण, बेअरिंगच्या पिंजऱ्याचे तुकडे किंवा प्लास्टिकची चिपटी दिसली तर त्या किमतीत दुरुस्ती धरा. चिपटी म्हणजे फोर्कचे पॅड गेले, आणि अशी केस लोमधून आपोआप सुटते. तेल जळका वास मारत असेल तर प्लॅनेटरी गिअर निळे पडले असण्याची शक्यता मोठी. ती केस सोडून द्या.

मग इनपुट आणि दोन्ही आउटपुट शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. जाणवण्याइतका खुळखुळाट म्हणजे बेअरिंग गेले. प्रत्येक रेंजमध्ये टाकून हाताने फिरवा, ठरावीक जागी अडखळले तर दाता तुटला आहे. शेवटी गिअरबॉक्सला जोडायचे बोल्टचे कान बारकाईने पाहा. बिडाच्या केसलाही तिथेच तडा जातो. मातीच्या तेलाने ओले करून, पुसून कोरडे करून, वर खडूची पूड टाकली तर केसाएवढी भेगही ओल्या रेषेसारखी उमटते.

प्रश्न : जुनी एनपी २३१ आणि नवी, दोन्हींचे दाते जुळतात, बोल्ट जुळतात, तरी बसवताना शेवटचे बोटभर अंतर राहते. बोल्ट आवळून ओढून घेतली तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. कान मोडण्याचे हे सगळ्यात मोठे कारण आहे. अंतर राहते याचा अर्थ दाते एकमेकांत गेलेले नाहीत, किंवा इनपुट शाफ्टची लांबी तुमच्या गिअरबॉक्ससाठी जास्त आहे. दाते जुळूनही लांबी वेगळी असू शकते. आधी दोन्ही केसेस शेजारी ठेवून, जोडाच्या सपाट तोंडापासून इनपुट किती बाहेर येते ते मोजा. लांबी सारखी असेल तर केस जॅकवर गिअरबॉक्सच्या ओळीत आणा, फोर-हायमध्ये टाका आणि मागचा शाफ्ट हळूहळू फिरवत पुढे सारा. दाते लागले की ती हाताच्या जोराने पूर्ण बसते. तोंडे एकमेकांना टेकल्यावरच बोल्ट लावा, समोरासमोरचे एकेक करून आवळा.

एनपी २३१ बद्दल एवढेच सांगतो की ती आत तीन पिनियनची (प्लॅनेटरी गिअरमधल्या छोट्या चाकांची) आणि सहा पिनियनचीही येते, आणि चेनही अरुंद-रुंद मिळते. ‘मजबूत २३१’ म्हणून विकली जात असेल तर सहा पिनियन आणि रुंद चेन आहे का ते विचारा. मागच्या टोकाला सरकते योक (प्रोपेलर शाफ्टचे केसमध्ये आत-बाहेर सरकणारे टोक) असेल तर ते काढून पक्क्या फ्लँजचा आखूड शाफ्ट बसवणे ही या केसची सगळ्यात उपयोगी सुधारणा आहे. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट तुटला किंवा काढावा लागला तरी केसमधले तेल वाहून जात नाही, आणि गाडी पुढच्या चाकांवर घरी येते.

प्रश्न : केस बदलल्यापासून ठरावीक वेगाला गाडी थरथरते. केसच खराब मिळाली का?

उत्तर : बहुधा कोन बदलले. नवी केस जुनीपेक्षा दोन बोटे वर-खाली किंवा पुढे-मागे बसली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल, तर केसच्या आउटपुटचा आणि मागच्या पिनियनचा (मागच्या ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा) उतार सारखा हवा, फरक एक अंशाच्या आत. शाफ्टचा स्वतःचा कोन एक ते तीन अंशांत राहिला तर वेगात त्रास होत नाही. केसच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा जॉइंट असेल तर हिशोब वेगळा : पिनियनचे तोंड सरळ केसकडे रोखलेले हवे. अंश दाखवणारे मोबाइलमधले साधन फ्लँजवर ठेवून मोजता येते, मात्र गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर मोजलेले कोन फसवतात.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आहेत का तेही पाहा. सरकता जोड एक दाता चुकवून बसवला तरी थरथर येते. आणि त्या सरकत्या जोडात गाडी उभी असताना सुमारे एक इंच आत जायला जागा राहिली पाहिजे. ती नसेल तर खड्ड्यात शाफ्ट टेकतो आणि केसच्या मागच्या बेअरिंगवर ठोके बसतात.

प्रश्न : ट्रान्सफर केसमध्ये जाड गिअर ऑइल घातले तर जास्त टिकेल का?

उत्तर : चेन आणि पंपाच्या केसमध्ये उलट होईल. पंप पातळ एटीएफसाठी बनवलेला असतो. थंडीत जाड तेल त्याच्याने ओढवत नाही आणि वरची बेअरिंगे कोरडी पडतात. एनपी २०५ सारख्या नुसत्या गिअरच्या केसमध्ये पंप नसतो, गिअर स्वतःच तेल उडवतात. तिथे ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइलच योग्य. बहुतेक केसेसना दोन-अडीच लिटर पुरते. भरण्याच्या भोकातून तेल बाहेर यायला लागले की थांबा. केस मूळ जागेपेक्षा फिरवून बसवली असेल तर ते भोकही वर-खाली गेलेले असते, अशा वेळी मापाने भरा.

आणखी एक, कारण यात माणसाच्या जिवाला धोका आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअरबॉक्सचे ‘पार्क’ गाडी धरून ठेवत नाही, कारण पार्कचे कुलूप केसच्या आधी येते. नवी केस बसवून लीव्हरची जागा बसेपर्यंत ती दोन रेंजच्या मध्ये अडकू शकते. गाडीखाली जाण्याआधी हँडब्रेक ओढा आणि चाकांना ठोकळे लावा.